बाबांच्या सहीची गिटार

बाबांची फाउंड्री बंद पडली तेव्हा मी नववीत होते. मालकानं भोसरीची जागा विकली आणि कामगारांना गेटवरूनच परत पाठवलं. बिबवेवाडीत आमची एक खोली आणि पुढं अरुंद गॅलरी. आई एका मेसमध्ये पोळ्या लाटायची; तिथं उरलेल्या पोळ्यांवर आमचं रात्रीचं जेवण व्हायचं. मी वहीच्या समासातही लिहायचे. आज मी पदवीधर आहे, आमच्या घराण्यातली पहिली, आणि हे मी ताठ मानेनं सांगते.

बाबा म्हणजे वामन गावंडे. यवतमाळकडून पोटासाठी पुण्यात आले, पण बोली तिकडचीच ठेवली. फाउंड्रीत वाळूचे साचे भरायचे आणि सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. नोकरी गेल्यावर ऑर्केस्ट्राच उरला. तिथं त्यांना मान होता, कारण त्यांच्या गिटारीतून सतारीसारखी मींड निघायची, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणारी. गिटारीच्या मानेवर आडवे धातूचे पडदे असतात. बाबांनी दोन-दोन पडद्यांमधलं लाकूड अर्धगोल कानशीनं घासून खोलगट केलं होतं, म्हणजे तार खोल दाबून ओढता यायची. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "काई नाई बाप्पा, लाकूड आडवं येत होतं, त्याले बाजूले केलं."

बुधवार पेठेत बापटांचं वाद्यांचं दुकान होतं. बाहेरचा माल खुला झाला तसे बापट कंटेनरनं गिटारी मागवून त्यांवर स्वतःच्या कंपनीचं नाव टाकू लागले. हॉस्टेलची पोरं, नुकती आयटीत लागलेली पोरं गिऱ्हाईक. एकदा त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. परदेशात मोठ्या वादकांच्या सहीची गिटार निघते, आपण गावंडे मॉडेल काढू, म्हणाले.

बाबांना ती रीत ऐकून माहीत होती. त्या दिवशी मला सांगत बसले. "तिकडं वादक कारखान्यात जाते. मान अशी पायजे, तारा अशा पायजे, सांगते. कारखाना तसं करते, मंग त्याचं नाव टाकते. फुकटचं नाव नसते ते, माय." त्यांनी नमुन्याची एक गिटार स्वतः घासून दिली. सही मराठीत केली, शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं. बापटांनी जे पैसे दिले त्यातून माझी कॉलेजची फी भरली गेली.

नमुना दुकानात टांगला, शेजारी बाबांचा फोटो. पोरं नमुना वाजवून बघायची आणि खोक्यातली नवी गिटार घरी न्यायची. पहिला पोरगा पत्ता शोधत आमच्याकडे आला तेव्हा बाबा जेवत होते. "काका, तुमच्या नावाची गिटार घेतली. मींड येतच नाही," तो म्हणाला. बाबांनी हात धुऊन गिटारीच्या मानेवरून अंगठा फिरवला. सपाट. वर मात्र सही होती, टिंबांसकट.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. मी बरोबर होते.

"बापटसाहेब, ह्या गिटारीत माहं काईच नाई."

"सही आहे की," बापट पावत्या लावत म्हणाले.

"लाकूड घासून द्या, नाईतर सही काढा."

"अहो गावंडे, परदेशातल्या मशिनला तुमची कानस कोण शिकवणार? करार झालाय. माल आलाय. आपण फोटोत छान दिसता, तेवढं पुरे."

मी म्हणाले, "आम्ही नोटीस पाठवू." बापट हसले. "पाठवा की. शिकलेल्या दिसता."

जिना उतरताना बाबा एवढंच बोलले, "नोटिशीनं त्या पोराची तार ओढल्या जाईल का?"

घरी येऊन त्यांनी कानस काढली. त्या पोराची गिटार घासून दिली, एक पैसा घेतला नाही. त्यानं मित्रांना सांगितलं. मग पोरं येतच राहिली. बाबा प्रत्येकाला तेच म्हणायचे, "माह्या नावाची हाय ना? मंग ठेव." घाई केली की लाकूड फाटतं, त्यामुळे एकेका गिटारीला आठवडा जायचा. ऑर्केस्ट्राच्या तारखा त्यांनी सोडायला सुरुवात केली.

फाउंड्रीच्या वाळूनं त्यांची छाती आधीच खराब झाली होती. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं. बाबा तोंडाला रुमाल बांधून गॅलरीत बसायचे. रुमाल काळा व्हायचा. आई चिडायची. "फाउंड्री बंद झाली मनून घरातच काढली का जी?" ते मान वर न करता म्हणायचे, "इथं मालक मी हावो." खोकला आला की कानस बाजूला ठेवायचे, ओसरला की परत उचलायचे. मी भांडले, एकदा कानस लपवून ठेवली. त्यांनी बाजारातून दुसरी आणली आणि माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

मी शेवटच्या वर्षाला असताना त्यांना उताणं झोपता येईना. भिंतीला टेकून, बसूनच झोपायचे. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली, नाव वाचलं, म्हणाले, "तुह्या नावाखाली तूच हायेस. बेस झालं." पुढच्याच महिन्यात ते सरकारी दवाखान्यात वारले. बापट आले नाहीत. फोटो दुकानात तसाच होता.

गॅलरीत एक गिटार अर्धी घासलेली राहिली होती. तिचा मालक, हिंजवडीत कामाला असलेला मुलगा, दहाव्यानंतर न्यायला आला. "राहू द्या काकू, आहे तशी नेतो," म्हणाला. आईनं गिटार सोडली नाही. "पुढच्या रविवारी ये," म्हणाली. मेसमधून आल्यावर रोज ती रुमाल बांधून बसायची. बाबांचा हात तिनं वर्षानुवर्षं पाहिला होता. मी जवळ गेले तर म्हणायची, "सर तिकडं, धूळ हाय."

रविवारी मुलानं गॅलरीतच तार ओढून बघितली. सूर वाकला आणि चढला. आई आत चहा ठेवायला गेली.

बापटांचा तो माल पुढं संपला, मॉडेल बंद झालं. बाबांच्या सहीची जी गिटार आमच्या दारात आली, ती मींड देणारी होऊनच परत गेली.