जिवाणीचा तांब्या

आम्ही सांगलीकडचे जैन. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही त्यांना नेरूळच्या तळमजल्यावरच्या घरी आणलं, ती गोष्ट नव्वदच्या दशकातली. डॉक्टर म्हणत, हातपाय हलतील, उभ्याही राहतील, पण त्यांना स्वतःला वाटलं पाहिजे. नेमकं तेच होत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. बोलणं जवळजवळ गेलेलं. मी रोज आदिनाथ भगवानांच्या तसबिरीपुढे बसून विचारायची, "ऐकताय ना?" आणि खरं सांगते, कुणी ऐकतंय असं मला मुळीच वाटत नव्हतं.

अशात कळलं की एक दिगंबर मुनिमहाराज पायी विहार करत नेरूळला येणार, दोन-तीन दिवस थांबून पनवेलकडे जाणार. हे ऐकताच आत्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. एकेक अक्षर ओढत म्हणाल्या, "ओंजळीत... पाणी... घालीन." दिगंबर मुनी स्वतःच्या ओंजळीतच जेवतात, आणि गावी त्यांनी कितीतरी मुनींना असा आहार दिला होता. आता ते हात संपले, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. मला वाटलं, एवढं एक झालं तर ही बाई उठेल. नाही झालं तर पुन्हा भिंत.

आदिनाथांची गोष्ट मला लग्नानंतर आत्यांनीच सांगितली होती. पहिले तीर्थंकर, लोकांना शेतीभाती शिकवणारे राजे. सगळं सोडून भिक्षेला निघाले, तर मुनीला जेवू कसं घालायचं हे कुणाला ठाऊकच नाही! कुणी हत्ती पुढे केला, कुणी रत्नं, कुणी स्वतःची लेक. ते मौनात, रोज उपाशी परतायचे. वर्ष उलटून गेल्यावर श्रेयांस राजाला पूर्वजन्मी मुनीला कसं जेवू घातलं ते आठवलं आणि त्याने ओंजळीत उसाचा रस घातला. ऐकून मी पदर तोंडाला लावून हसले होते, काय खुळी माणसं म्हणून!

आता माझे हत्ती ऐका. मी शेजारणीचा चांदीचा कलश मागून आणला. दारात इतकी मोठी रांगोळी काढली की आत यायला वाट उरली नाही. श्रेयांस राजासारखा रस हवा म्हणून घरीच खलबत्त्यात ऊस कुटला. निघाला अर्धी वाटी, अंगठा मात्र वांग्याएवढा सुजला.

मुनी आहाराला निघताना मनात एक विधी धरतात, म्हणजे अमुक दिसलं तरच थांबायचं. ते कुणालाच सांगत नाहीत. जुळलं नाही तर उपास. पहिल्या दिवशी महाराज सगळ्या दारांवरून उपाशी परतले. दुसऱ्या दिवशीही. दारोदारी अंदाज सुरू झाले. कुणी नारळ धरला, कुणी जोडीने उभे राहिले. मी तर एका हातात कलश, दुसऱ्यात आंबे, डोक्यावर पदर अशी उभी होते. आज त्याचा फोटो असता तर नातींनी मला जगू दिलं नसतं.

शेवटची सकाळ उजाडली. आहाराला नळाचं पाणी चालत नाही, म्हणून मी नेरूळ गावातल्या एका आगरी घरच्या विहिरीवर जायची. घरमालकीण बायजाबाई, मासे विकायच्या. आधी मी त्यांना लांबूनच नाक मुरडून नमस्कार करायची, मोठी शहाणी! पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले बारीक जीव थोड्या पाण्यासह त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे असतात. त्याला जिवाणी म्हणतात. त्या दिवशी घाईत मी जिवाणीचा तांब्या तसाच घरी घेऊन आले.

चूल पेटली, पाणी उकळलं, महाराज निघायची वेळ झाली आणि आत्यांनी तो तांब्या पाहिला.

"जि...वाणी," त्या म्हणाल्या.

"आत्या, आता महाराज येतील हो! मागनं सोडते."

त्यांनी नुसती मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग बरा हात उचलून दाराकडे बोट केलं.

रडू आवरत मी सोवळ्यातच धावले. विहिरीवर बायजाबाई उभ्या.

"कशाला धावतेस गो? पानी कय पलून चाललाय?"

मी धापा टाकत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. बाजूला सरून म्हणाल्या, "सोर, सोर. सावकास. त्यांना लागल."

दोर हळूहळू सोडला, तांब्या पाण्याला टेकवून कलता केला. त्या क्षणी काय झालं ते मला नीटसं सांगता येत नाही. वाटलं, आता काही उरलं नाही माझ्या हातात. होईल ते होवो. आणि छाती हलकी झाली.

परतताना रस्त्यात लोक नारळ खाली धरून उभे. महाराज पुढे गेले होते. मी आमच्या गल्लीत वळले आणि थबकले.

दाराच्या चौकटीला धरून आत्या उभ्या होत्या. एकट्या. कलश आत, आंबे आत. हात रिकामे. "न...मोस्तु," त्या ओढत म्हणत होत्या, "तिष्ठ... तिष्ठ." आणि समोर महाराज थांबले होते.

माझी रांगोळी पुसत आम्ही दोघींनी त्यांना प्रदक्षिणा घातल्या, आत्यांनी माझ्या खांद्यावर रेलून. महाराजांच्या ओंजळीत पहिलं पाणी आत्यांनी घातलं. एक थेंबही सांडला नाही. त्या पहाटे पुन्हा कुटलेला अर्धी वाटी रसही गेला.

विधी काय होता, मी आजतागायत विचारलेलं नाही. त्यानंतर आत्या पलंगावरून रोज थोड्या थोड्या उठू लागल्या. बोलूही लागल्या, आणि पहिलं अख्खं वाक्य माझ्या आमटीतल्या मिठाबद्दल होतं! मी आनंदाने रडले. एवढं मात्र कळलं की मी देवापुढे हत्ती उभे करत होते आणि त्या गर्दीत त्याला यायला वाट नव्हती. तांब्या रिकामा केला, तेव्हा ती झाली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी लाडू घेऊन विहिरीवर गेले होते. नाक न मुरडता.

"जेवला कं तुजा म्हाराज?" बायजाबाईंनी विचारलं.

"जेवले."

त्यांनी लाडू घेतला, विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हीं पोरा पन पोचलीं घरा."