दोन दिवे: एक लाल, एक हिरवा

आयुष्यात काय दिवे लावलेस, असं मला कुणी विचारूच नका हो. मी छाती काढून सांगेन, दोन! एक लाल, एक हिरवा. आणि त्या दोघांनी मिळून माझं जमत आलेलं लग्न जवळजवळ मोडलंच होतं!

त्या काळी मला सिनेमाचं भयंकर वेड. नुसता बघायचो नाही, रंग ओळखायचो! प्रेमपट? सगळीकडे लाल. भुताचा सिनेमा? हिरवट उजेड. काळे कपडे घालून आला? तो व्हिलन, डोळे झाकून सांगा! कडकोळच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी यावर भाषणं ठोकायचो. लोक डबा उचलून दुसरीकडे बसायचे.

तर दसऱ्यात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे घरात पायऱ्या-पायऱ्यांवर देव-राक्षसांच्या बाहुल्या मांडल्या होत्या. सरगूरहून सुमा आणि तिची आई त्या बघायला येणार होत्या. बाहुल्यांचं निमित्त, बघायचं होतं मला! सुमा मला एका लग्नातच आवडली होती. तिच्या आईनं 'हूं' म्हणायचं तेवढं बाकी होतं.

मग मी गप्प बसतोय? लष्कर मोहल्ल्यातून रंगीत कागद आणून दिव्यांना गुंडाळले. राक्षसांच्या पायरीवर हिरवा आणि पाहुण्यांच्या चटईवर लाल, भडक लाल. प्रेमपट ना!

आई म्हणाली, "एनो इदु, काय हे? घर आहे की सर्कस?"

"आई, तू बघच!"

पाहुण्या आल्या. मी ट्यूबलाइट घालवून लाल दिवा लावला. आईनं सुमाच्या आईला कुंकू लावलं. दिसेना! लाल उजेडात लाल कुंकू दिसणार कसं? पण तेव्हा हे सुचतंय कुणाला? आईला वाटलं, बोटाला लागलंच नाही. पुन्हा लावलं. तरी दिसेना. मग चांगलं मूठभर घेऊन चोळलं!

इकडे सुमाच्या आईला आमच्या आईचं कपाळ कोरं दिसलं. तिचे डोळेच भरून आले. आईचा हात धरून हळूच म्हणाली, "अय्यो अक्का, कळवलं पण नाहीत आम्हाला. केव्हा गेले हो?"

"कोण गेले?"

तेवढ्यात आतून बाबा आले, हातात कॉफीचा ट्रे. "कॉफी थंड होतेय, घ्या की!"

ती माउली अशी किंचाळली, की बाबांच्या हातातला ट्रे खाली!

मी धावलो. लाल दिवा बंद केला आणि अंधारात चाचपडत हाताला लागलं ते बटण दाबलं. हिरवा! हिरव्या उजेडात कुंकू काळंकुट्ट झालं. सुमाच्या आईचं तर अख्खं कपाळ काळं! आता आमची आई किंचाळली. "साकु रे मारायरे, पुरे कर!"

माझं लग्न गेलं, हे मला तिथंच कळलं. रडूच यायचं बाकी होतं.

आणि सुमा? पोट धरून हसत होती! उठली, ट्यूबलाइट लावली आणि म्हणाली, "प्रेमपट झाला, भुताचा झाला. आता मला माझी आई परत द्या."

तिची आई कपाळ पुसत म्हणाली, "पोरगी एवढी हसतेय, तर माझं हूं. पण लग्नात रंग बेडा, अजिबात नको! ह्यांनी दिव्याला हात लावायचा नाही."

शब्दाची पक्की बाई! लग्नाचे फोटोसुद्धा हट्टानं ब्लॅक अँड व्हाइट काढून घेतले. पण मी काय कमी? गुपचूप प्रेमपटाचा गडद लाल कोट शिवला आणि घातला.

परवा नात अल्बम बघत होती. कोटावर बोट ठेवून म्हणाली, "अज्जी, काळे कपडे! हा व्हिलन ना?"

"हौदु, तोच," सुमा म्हणाली.

नातीला रंग ओळखायला मीच शिकवलंय ना!