दुसऱ्या डब्यासमोरच्या दोन टिकल्या

माझी हयात तूरडाळीच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, बिल्ट्या भरण्यात गेली. बिल्टी म्हणजे गाडीसोबत जाणारा मालाचा कागद. लातूरच्या आमच्या ट्रान्सपोर्टात माल बहुतेक कालचाच आज. म्हणून पहिल्या ओळीत आकडा लिहायचा आणि खाली दोन टिकल्या द्यायच्या, म्हणजे वरीलप्रमाणे. माझ्या टिकल्या फार देखण्या. बायको त्याला आळस म्हणते, ते सोडा.

मागच्या वर्षी एका कॅन्सर दवाखान्याचं काम आलं. जुन्या मशीनमधला किरणोत्सर्गी कचरा, शिशाच्या जाड डब्यांत बंद. नग दोन, जायचे मुंबईला. गाडीवर माझा मेव्हणा. त्याचं ट्रेनिंग, परवाने सगळं झालेलं. दवाखान्याच्या सुरक्षा अधिकारी मॅडमनी मोजमापाचा कच्चा कागद दिला होता. डब्याबाहेर किती किरणं येतात, तो आकडा. त्यावरूनच कुठला डबा ड्रायव्हरपासून किती लांब ठेवायचा, ते ठरतं.

पहिल्याचा आकडा मी लिहिला. दुसरा डबा दिसायला डिट्टो तसाच. हातानं आपल्या आपण दोन टिकल्या दिल्या आणि मी चहाला गेलो.

हमालांनी बिल्टी बघितली. दोन्ही सारखेच, मग त्यातला जड, तो दुसरा डबा केबिनला टेकवला. जड माल पुढे, कट्ट्यांचीही हीच रीत. मेव्हणा स्टिअरिंगवर बसला. निघण्याआधी मॅडमनी त्याच्या सीटमागे किरणं मोजायचं मीटर धरलं. ते कडकड वाजायला लागलं ते थांबेचना.

"खाली उतरा," मॅडम हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ह्या दोन टिकल्या कसल्या?"

"वरीलप्रमाणे, मॅडम."

त्यांनी कच्चा कागद माझ्यापुढे धरला. दुसऱ्या डब्याचा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट होता. "मुंबईपर्यंत हा यांच्या पाठीला लागून गेला असता."

मी दोन्ही आकडे परत वाचले. 

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "लग्नातलं मानपानाचं काही राहिलं असंल तर तोंडानं सांगायचं व्हतं." कुणी हसलं नाही. तोही नाही. मान पुसत राहिला.

डबे उतरवले. तो दुसरा डबा पार मागच्या दाराशी, फाळक्याला टेकवून बांधला. मॅडमनी पुन्हा सीटमागे मीटर धरलं. आता ते जवळजवळ गप्प होतं. मी नवी बिल्टी घेतली. प्रत्येक आकडा लिहिला आणि प्रत्येक आकड्यावर मॅडमनी बोट ठेवलं.

इतक्या वर्षांत मेव्हण्यानं माझी बिल्टी कधी वाचली नव्हती. घडी घालून खिशात टाकायचा. त्या दिवशी टेबलापुढे उभा राहिला.

"वाचून दाखवा."

मी वाचली.

"परत एकदा."

दुसऱ्या ओळीवर मी अडलो, ती पहिल्यापासून वाचली.  ओळ पुरी झाल्यावरच त्यानं हात पुढे केला. "आणा."

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "भावाला नीट लावून दिलं ना?" मी हो म्हणालो. खरं काय झालं, ते तिला हे वाचूनच कळेल.