फळ्यावरचे अकरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

तुळिंजला आमच्या इमारतीत नळाला पाणी नव्हतं तेव्हाची, नव्वदीतली गोष्ट. मी सोसायटीची सेक्रेटरी. कोणाची पाळी कधी, कोणाची पिंपं किती — सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. जिन्याखालच्या फळ्यावर रोज टँकरची वेळ लिहायचे. नियमही माझाच: पाळीला घरचं माणूस हजर नसेल, तर पाणी पुढच्या घराला.

पण ती वेळ यायची कुठून? टँकरवाल्याला फोन लागला तर तो म्हणायचा, निघतोच. म्हणजे तासाभराने की संध्याकाळी, हे त्यालाही ठाऊक नसायचं. मग फळ्यावर काय लिहायचं — माहीत नाही? सगळी इमारत माझ्या तोंडाकडे बघत असताना? मी एक आकडा लिहायचे. लोक शांत व्हायचे. आणि मला — हो, मला ते आवडायचं.

त्या दिवशी फोन लागलाच नव्हता. मी अकरा लिहिलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू बाहेर जायची साडी नेसून खाली आल्या. घरात एकट्याच. बहीण वसईला दवाखान्यात, भाच्याचा निरोप आलेला — लवकर ये. घरात दोन दिवस पाण्याचा थेंब नव्हता. शेजारीण भरेल का, त्यांनी विचारलं. नियम सगळ्यांना सारखा, मी म्हणाले.

"अकरा नक्की ना गं? मग भरूनच जाते."

"अकरा म्हणजे अकरा, काकू."

त्या जिन्याखाली बादली उपडी घालून बसल्या. बाराला विचारलं, एकला विचारलं. मी दर वेळी म्हणाले, आता येईलच. तेव्हा तरी जा म्हणायला काय झालं होतं? फळा खोटा पडला असता — एवढंच.

टँकर साडेचारला आला. बहीण तीनला गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, अकराची वेळ टँकरवाल्यानेच दिली होती. लोकांनी त्याला गेटवर घेरून नाही नाही ते ऐकवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी यादी वाचत उभी होते.

पुढे नळ आले, फळा निघाला. काकू अजून तिसऱ्या मजल्यावरच आहेत. सोसायटीत काही कार्यक्रम ठरला की नव्या बिऱ्हाडांना सांगतात, "वेळ हिला विचारा. हिची वेळ पक्की असते."

आणि मी वेळ सांगते.