झिगीमामा, लोण्याचं कोकरू आणि पहिली निवड

झिगीमामा बोलण्याआधी नाकातून एक आवाज काढतो. त्याची बर्फ ढकलायची गाडी कडाक्याच्या थंडीत सुरू होताना काढते, अगदी तोच. "ह्र्र्रम्फ!" मग शब्द येतात. मी हे घरी करून दाखवलं की आई म्हणते, "मोठ्यांची टिंगल करू नये. पुन्हा कर बघू."

मामा महापालिकेच्या बर्फगाडीवर आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो लाइनमन होता, म्हणजे पुढच्या फळीतला. चेंडूला हात लावायचा नाही, समोरून येणारे रेडे छातीवर घ्यायचे आणि मागे उभ्या असलेल्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला जपायचं. पेपरात फोटो यायचा क्वार्टरबॅकचा. एका फोटोत मामाचं कोपर आलं होतं. ते त्याने फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलंय.

मोठ्या व्यावसायिक संघांनी दर वर्षी कॉलेजातून निघालेल्या पोरांतून नवे खेळाडू उचलायचे, तर आधीच्या हंगामात जो तळाला त्याची पहिली पाळी, असा नियम आहे. तळाला जाण्यात आमच्या गावच्या संघाने कधी आळस केलेला नाही. दर वेळी पहिल्या पाळीला ते क्वार्टरबॅक उचलतात आणि दुसऱ्या वर्षी तो कुबड्यांवर दिसतो. यंदाही गावभर एकच प्रश्न होता: क्वार्टरबॅक घ्यायचा का नाही?

ईस्टरच्या जेवणात आईने तो विषय काढला. "त्या कॉलेजातल्या क्वार्टरबॅकचा, डेंटन मॅकावॉयचा हात बघितलास का, झिगी? कुठल्या कुठे फेकतो!"

"ह्र्र्रम्फ. उताणा पडून फेकणार का? आपली फळी बघ आधी. थांब, दाखवतोच."

मामाने पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, ओळीने मांडल्या आणि त्यांच्यामागे ईस्टरला करतात ते लोण्याचं कोकरू ठेवलं. मिऱ्यांचे डोळे, गळ्यात लाल रिबीन. सकाळीच चर्चमधून टोपलीत आशीर्वाद घेऊन आलेलं.

"ही आपली फळी. आत काय? बटाटा. आणि हे समोरचे!" म्हणत त्याने भलंमोठं सॉसेज घुसवलं. पिएरोगी फुटल्या आणि कोकराचं मुंडकं तिखट मुळ्याच्या चटणीत जाऊन पडलं.

आईने छातीवर क्रूसाची खूण केली. "झिगी! अरे फादरनी आशीर्वाद दिला होता त्याला!"

"तेच म्हणतोय मी, लोरेन! देवाचा आशीर्वाद होता, तरी वाचलं का? फळीच नव्हती!"

आई खवळली. "ठीक आहे. क्वार्टरबॅक घेतला, तर बाबांच्या दोन्ही खुर्च्या माझ्या."

मैदानातल्या त्या दोन राखीव खुर्च्या आजोबांनी उभा जन्म सांभाळल्या. त्यांच्यामागे मोठा म्हणून मामाच्या नावावर आल्या. तो आतल्या खुर्चीत उबेला बसतो आणि आईला कडेला बसवतो, जिथे ईरी तळ्यावरचा वारा कानशिलं कापतो.

"आणि लाइनमन घेतला तर?"

"तर जन्मात तुझ्यापुढे क्वार्टरबॅकचं नाव काढणार नाही."

मामाने चटणीने बरबटलेला हात पुढे केला.

तेव्हापासून त्याची झोप उडाली. भेटेल त्याला तो लाइनमनचं महत्त्व पटवायचा. दातांच्या डॉक्टरपुढे आ वासूनसुद्धा "आइअअ, आइअअ" चालूच. मला एकदा हळूच म्हणाला, "बाबा त्या खुर्चीत बसून शिव्या द्यायचे गं. मी तिथेच शिकलो. दुसरीकडे बसून मला मनापासून शिवी येणार नाही."

निवडीच्या संध्याकाळी सगळा मोहल्ला चर्चच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर जमला. पडद्यावरच्या साहेबांनी चिठ्ठी उघडली. "पहिली निवड... क्वार्टरबॅक, डेंटन मॅकावॉय!"

एकच किंकाळी उठली. मामाची! तो बाकावर चढला होता. "घेतला रे, घेतला! यंदा कोण अडवतंय आपल्याला!" उडी मारून त्याने आईला कमरेत धरून उचललं, गर्रकन फिरवलं, आणि ती अधांतरी असतानाच त्याला खुर्च्या आठवल्या. दूध उतू गेलेलं पातेलं ठेवावं तसं त्याने तिला हळूच खाली ठेवलं.

"मी ते... धसक्याने ओरडलो, लोरेन."

"हो ना. नाचलाससुद्धा धसक्यानेच."

"ह्र्र्..." गाडी सुरूच होईना.

नोव्हेंबरात पहिल्या बोचऱ्या थंडीतल्या सामन्याला आईने त्याला बरोबर नेलं, पण कडेच्या खुर्चीत बसवलं. खेळ सुरू होतो न होतो तोच तिघांनी मिळून डेंटनला चिखलात लोळवलं. पुढचं आईने घरी येऊन करून दाखवलं, तेव्हा माझा गुण कुणाकडून आला ते कळलं.

"ह्र्र्रम्फ! बघ, मी काय म्हणत होतो—"

"झिगी, वारा लागतोय. नीट बस बघू आडवा. क्वार्टरबॅकला जप."

मामाने मुकाट्याने दोन्ही हात कमरेवर ठेवून फळी धरली. तेवढ्यात कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला, ते मात्र मी घरी टीव्हीवर पाहिलं. आई मस्त उबेत बसून कॉफी पीत हसत होती, आणि तिच्या शेजारी मामाचं कोपर दिसत होतं.