चाळीस मिनिटे, अध्यापन आढळले नाही

तारखा तीन आहेत आणि जबाबदार माणसेही तीन. पहिली तारीख, माझ्या थोरल्या बहिणीने महाविद्यालयाच्या संगीत विभागात नोकरीसाठी अर्ज दिला तो जूनमधला सोमवार. जबाबदार, प्रस्तुत लेखक. दुसरी, तपासणी समिती तिच्या वर्गात येऊन बसली तो फेब्रुवारीतला गुरुवार. जबाबदार, समितीचे सदस्य-सचिव. तिसरी गेल्या महिन्यातली. त्या दिवशी विभागाच्या सुवर्णमहोत्सवात आजवरच्या सर्व अध्यापकांच्या नावांचा संगमरवरी फलक लावण्यात आला. जबाबदार, विद्यमान प्राचार्य. फलकावर माझ्या बहिणीचे नाव नाही.

मी जिल्हा न्यायालयाच्या नक्कल शाखेत नोकरी केली. इतरांचे निकाल उतरवून, ताडून, त्यांवर शिक्का मारून देणे हे माझे काम. त्यामुळे तक्रार करण्याआधी तारीख लिहावी आणि स्वतःचा दोष असेल तर तो आधी मांडावा, एवढे मला कळते. नावे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी हे वाचावे ते स्वतःला ओळखतील. पूर्वी अशी पत्रे मी तावातावाने लिहीत असे. आता दोन परिच्छेदांनंतर चष्मा काढून ठेवावा लागतो. राग कमी झालेला नाही. तो वाहून नेणारा माणूस थकला आहे.

आक्काचे वाद्य स्वरमंडळ. मांडीवर मावेल अशी लाकडी पेटी आणि तिच्यावर ओळीने ताणलेल्या तीसेक तारा. गवई ते मांडीवर घेतात आणि गाता गाता मधूनच बोटे फिरवतात. श्रोत्यांना वाटते, ती गाण्याची झालर आहे. आक्काने त्या झालरीचे वस्त्र केले. नुसत्या स्वरमंडळावर तासभर राग मांडणारी बाई म्हणून ती पुढे युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत वाजवून आली. तिकडे हार्प नावाचे माणसाएवढे उभे वाद्य असते. त्याची ही आडवी, धाकटी बहीण, असे तिकडची वृत्तपत्रे लिहीत. एका मैफलीनंतर हार्प वाजवणाऱ्या एक वयस्क बाई आत आल्या, त्यांनी आक्काची बोटे उलटून पाहिली आणि मग स्वतःची दाखवली. दोघींच्या बोटांना सारखेच घट्टे होते. परदेशातले एवढेच आक्का कधी आपणहून सांगते.

ही विद्या तिला बेगमपुऱ्यात, आमच्या तेव्हाच्या मोहल्ल्यात मिळाली. हैदराबादेत एका देवडीवर, म्हणजे सरदाराच्या हवेलीत, वाजवणारे एक उस्ताद, पोलीस अ‍ॅक्शननंतर ती देवडी आणि तिच्याबरोबर त्यांचा आश्रय मोडल्यामुळे, आमच्या शेजारी भाच्याकडे येऊन राहिले होते. आमचे वडील शाळामास्तर. त्यांनी आक्काला उस्तादांकडे पाठवले. पहिले सहा महिने तिच्या हाती फक्त तारा पिळण्याची किल्ली होती. ती एकेक तार स्वरात लावायची, उस्ताद डोळे मिटून ऐकायचे, आणि शिकवणी संपली की स्वतःच्या हाताने सगळ्या तारा उतरवून टाकायचे. उद्या पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या घराण्याची रीतच ती होती: लावलेले वाद्य शिष्याला द्यायचे नाही.

वडिलांचा धीर सुटला. ते एकदा विचारायला गेले, "उस्तादजी, पोरगी वाजवते कधी?"

उस्ताद पान लावीत होते. म्हणाले, "मास्टरसाब, बजाती कब नईं? तुमकूच सुनाई नईं देता."

वडील घरी येऊन बराच वेळ हसत होते. ते वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे राहिले. भाजीत मीठ नाही म्हटले की आई म्हणायची, "हाय की! तुमालाच सुनाई नईं देता."

आता माझा दोष. महाविद्यालयात संगीत विभाग निघाला तेव्हा आक्का परदेशातून दोनदा वाजवून आली होती. परंतु मंजूर पदांच्या यादीत स्वरमंडळ हे वाद्यच नव्हते. गायन होते, सतार होती, तबला होता. यादीत नाही ते अस्तित्वात नाही, हे मी रोज पाहत होतो. मीच सुचवले, "आक्का, साथसंगतकाराची जागा रिकामी आहे. आत्ता तिच्यावर अर्ज कर. एकदा आत गेलीस की अध्यापकपदासाठी मी नियमाने भांडतो."

ती म्हणाली, "अरे, पण मी साथीला बसणार नाय. शिकवणार."

"कागदावर काय लिहिलंय त्यानं काय फरक पडतो?"

हे वाक्य नक्कल शाखेतल्या माणसाने उच्चारले. अर्ज माझ्या अक्षरात आहे. तिने फक्त सही केली, आणि सही करताना म्हणाली, "वकीलसाहेब, तुम्ही म्हणता म्हणून हं."

ती वीस वर्षांहून अधिक काळ तिथे शिकवत राहिली. गाणाऱ्या मुलींच्या मागे तंबोरा धरून बसण्याचे काम संपले की दुपारी तिचा वर्ग भरायचा. कन्नड, बिडकीन अशा गावांहून एसटीने येणाऱ्या मुली असत. हिवाळ्यात परदेशी विद्यार्थिनीही येत, सुटीच्या दिवशी आमच्या घरीसुद्धा. आमच्या कोपऱ्यावरचा रिक्षावाला टाइपरायटरएवढ्या पेट्या घेऊन उतरणाऱ्या त्या मुली पाहून मला विचारायचा, "काका, या गोऱ्या बाया तुमच्याकडं टायपिंग शिकायला येतेत व्हय?" त्यांतली एक आपल्या देशात अकरा वर्षे हार्प वाजवून आली होती. आक्काने तिलाही किल्लीच दिली. ती दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी आली आणि पुढे तीन हिवाळे येत राहिली.

आक्काने उस्तादांची रीत मोडली नाही. तास संपला की तारा उतरवायच्या, दुसऱ्या दिवशी शून्यातून लावायच्या. आपल्या उन्हाळ्यात तर कूलर सुरू केला तरी तारा उतरतात. वर्गाचा मोठा भाग त्यातच जायचा. आक्का फार बोलत नसे. चुकीची तार वाजली की मान वर करायची.

मी शब्दाला जागलो. अध्यापकपदाचा प्रस्ताव चार वेळा लिहिला. अखेर तिचे अध्यापन प्रत्यक्ष पाहण्यासाठी समिती आली. सदस्य-सचिव स्वतः वर्गात बसले. त्यांच्या अहवालाची प्रत मी मागवून घेतली. ती माझ्यासमोर आहे. मजकूर असा: "चाळीस मिनिटे वर्गाचे निरीक्षण केले. विद्यार्थिनी केवळ वाद्य जुळवीत होत्या. सदर कर्मचारी एकदाच बोलल्या. अध्यापन आढळले नाही."

प्रस्ताव फेटाळला गेला. त्यानंतर मी पाठवलेल्या पत्रांच्या पोचपावत्यांनी एक जाड फाइल भरली आहे. उत्तरे दोन आली. दोन्हींत "अभिलेखानुसार" हा शब्द होता. आक्का साथसंगतकार म्हणूनच निवृत्त झाली. मला वाटले, मिटले. ती आता गारखेड्यात माझ्याकडे राहते. बोटे आखडली आहेत, वाजवणे सुटले आहे. पण सकाळी चहा झाला की ती पेटी मांडीवर घ्यायची आणि तारा लावायची. वाजवायची नाही. लावायची, थोडा वेळ ऐकायची, उतरवून ठेवायची. माझी सकाळ त्या आवाजाने सुरू व्हायची.

सुवर्णमहोत्सवाला आम्ही दोघे गेलो. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. आक्का फलकाजवळ गेली आणि तिने नावे वरून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा एकदा वरून खालपर्यंत. मी प्राचार्यांकडे निघालो तसा तिने माझा हात धरला.

"चल. पाणी कुठं मिळंल इथं?"

रिक्षात मी म्हणालो, "आक्का, मी उद्याच पत्र देतो."

"नको देऊ. खरंच तर लिहिलंय त्यांनी. मी कुठं काय शिकवलं? पोरी आपल्या तारा लावत बसायच्या."

ती हे चिडून म्हणाली असती तर मला चालले असते. ती ते शांतपणे, पटल्यासारखे म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी कपाटातून निघाली नाही. महिना झाला, तिने किल्ली हातात घेतलेली नाही. मी विचारले तर म्हणते, "कशाला? उतरणारच असतेत की."

म्हणून तिने नको म्हटलेले असतानाही हे लिहीत आहे. पुरावा एकच जोडतो. त्या गुरुवारी वर्गात असलेली कन्नडची विद्यार्थिनी आता स्वतः मुलांना संगीत शिकवते. फलकाची बातमी वाचून ती भेटायला आली होती. स्वयंपाकघरात, आक्काला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने मला सांगितले, "काका, त्या दिवशी ते साहेब वही घेऊन बसले होते ना, तवाच मला पहिल्यांदा कळलं. बाई फक्त म्हणल्या, 'खालून तिसरी. पुन्हा.' मी सात येळा पिळली. सातव्या येळी बाईंनी मान खाली घातली, अन् मला ऐकू आलं. दोन वर्षं नव्हतं येत, ते आलं. आज मी पोरांना शिकवते ते तेच हाय. दुसरं काय नाय."

सदस्य-सचिव महोदय, त्या समितीतले आता आपणच हयात आहात आणि याच शहरात राहता. नंतर मी भेटून विचारले तर प्राचार्य आपल्या अहवालाकडे बोट दाखवतात, म्हणून प्रश्न आपल्याला आहे. माझ्यापुरते उत्तर मी वर दिले: साथसंगतकार हा शब्द मी लिहिला, आणि कागदाने फरक पडत नाही हे मी बोललो ते चूक होते. आता आपण द्यावे. पत्राने नको, पत्रे पुरेशी झाली. विभागाच्या सभागृहात, त्या फलकापुढे, लोकांसमक्ष उभे राहून सांगावे की खालून तिसरी तार सात वेळा पिळली गेली तेव्हा आपण काय ऐकत होतात, आणि त्याला अध्यापन म्हणत नाहीत तर काय म्हणतात. कन्नडची विद्यार्थिनी यायला तयार आहे. दिवस आपण ठरवावा. आक्काला पहिल्या रांगेत आणून बसवण्याची जबाबदारी माझी.