पडलेला देवचाफा

आई पुण्याहून आमच्याकडे सिंगापुरात, पुंगोलला राहायला आली, ती सामानात फुलांची परडी घेऊन. मी हसले. इथे फुलं पुडीत विकत मिळतात म्हटलं, तर म्हणाली, "पुडीतली शिळी. देवाला सकाळची लागतात."

आमच्या पुण्याच्या गल्लीत सकाळी दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं तोडणं ही चोरी नव्हती. पण म्हणून कुणी मोकाटही सुटलेलं नसे. बाहेर आलेल्या फांदीलाच हात लावायचा, कळ्या सोडायच्या, त्या घरच्या देवापुरती फुलं झाडावर ठेवायची आणि कुणी दिसलं तर "घेते हो" म्हणायचं. एका बाईंनी एकदा झाड ओरबाडून कळ्यासुद्धा नेल्या, तर पुढे कितीतरी दिवस त्यांना हळदीकुंकवाला बोलावताना बायका अडखळायच्या. असला गुन्हा पोलिसांना काय कळणार!

एका शनिवारी मी, आई आणि माझी दुसरीतली मुलगी खाली फिरायला गेलो. इमारतीच्या बागेत लालभडक जास्वंद फुललेली. माझं जरा फोनकडे लक्ष गेलं, तेवढ्यात आईने छत्रीची मूठ अडकवून फांदी खाली ओढली आणि एक फूल तोडलं.

"आजी, नो! दॅट्स स्टीलिंग! पोलीस विल कम लाह!"

व्यायाम करणारे चिनी आजोबा हात वरच ठेवून वळले. आईला इंग्रजी येत नाही, पण 'पोलीस' कळायला इंग्रजी कशाला लागतं? तिने ते फूल परडीत ठेवलंच नाही. झाडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि घराकडे चालू लागली.

त्या दिवशी देवांवर नुसत्या अक्षता पडल्या. पूजा आटोपून ती मला म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. नातीला माझी लाज वाटायला लागल्यावर राहून काय करू?"

मी तापट आहे. तरातरा मुलीच्या खोलीत गेले. आजीशी असं बोलतात का, तेही चारचौघांत, अशी सुरुवात केली आणि पाहते तर ती उशीत तोंड खुपसून हुंदके देत होती.

"शी इज ऑन व्हिजिट पास ओन्ली," ती म्हणाली. "इफ दे कॅच हर, दे विल सेंड हर बॅक."

आमच्या जेवणाच्या टेबलावर पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, हा विषय मिठासारखा रोजचा. कुणाचा पास रिन्यू होत नाहीये, कुणाला मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून गाशा गुंडाळावा लागला. पोरगी भात चिवडत सगळं ऐकत होती. तिच्या लेखी एका जास्वंदीपायी तिची आजी जाणार होती.

आई दारात येऊन उभी राहिली होती. "काय म्हणतेय?"

"तुला परत पाठवतील म्हणून रडतेय."

आई पलंगावर बसली आणि नातीचं डोकं तिने मांडीवर घेतलं. खरं सांगते, मला त्या दोघींचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी परडी घेऊन निघाल्या. मला राहवेना, मीही मागून गेले. देवचाफ्याखाली टवटवीत फुलं पडली होती.

"आजी, हे तर ट्रीनेच टाकलं," मुलगी म्हणाली. "हे कॅन टेक."

आई थबकली. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही. लहानपणी मी असं एक फूल देव्हाऱ्यात ठेवलं होतं, तर पाठीत धपाटा बसला होता. अपवाद एकट्या प्राजक्ताचा, कारण तो आपणहून खाली येतो. आता ती पोरीला हे सगळं ऐकवणार आणि जेमतेम जुळलेलं पुन्हा बिनसणार, अशी मला धास्ती वाटली.

आई वाकली. तिचे गुडघे दुखतात, तरी वाकली.

"इथली सगळी झाडं प्राजक्ताची समजायची," असं म्हणून तिने पहिलं फूल परडीत टाकलं.

तिकीट ठरलेल्या दिवसाचंच राहिलं.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला. शेजारच्या काकू रुसल्या होत्या. माझ्या जास्वंदीला हात लावत नाहीस, माझं काही चुकलं का, म्हणून थेट दारात येऊन विचारून गेल्या होत्या. गल्लीत कुणाची फुलं न घेणं म्हणजे भांडणच की!

"मग?" मी हसत विचारलं.

"मग काय, तिनेच तोडून हातात दिलं. ते राहू दे, जरा पोरीला फोन दे."

मी फोन मुलीच्या कानाला लावला. आई हळू आवाजात विचारत होती, "एक फूल घेतलंय गं. काकूंनी दिलंय. देवाला वाहू ना?"